चाऱ्यापासून विजेपर्यंत : मुंबईच्या वाहतुकीचा इंधनपालट

शहराचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा राज्यकर्त्यांच्या सनदा, तटबंदीचे नकाशे आणि थोर पुरुषांची चरित्रे धुंडाळतो. परंतु ज्या मुंबईचे अवघे वैभव माल आणि माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर उभे राहिले, तिचा इतिहास तिच्या गाड्यांनी कोणत्या काळी कोणते इंधन वापरले, ते कोठून आले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरचे गेले, या तीन प्रश्नांच्या आधाराने लिहिला, तर त्या इतिहासाचे एक निराळेच आणि अधिक सत्य असे रूप दृष्टीस पडते. आज विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आवाज न करता कुलाब्याच्या आगारातून बाहेर पडतात, घरोघर माल पोहोचविणाऱ्या कंपन्यांचे तीनचाकी टेम्पो बॅटरीवर धावतात, आणि या स्थित्यंतराकडे आपण पूर्वी कधीच न घडलेले नवल म्हणून पाहतो. वस्तुतः मुंबईच्या वाहतुकीने गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा इंधन पालटले आहे, आणि विजेकडे तर ती दुसऱ्यांदा वळत आहे. या साऱ्या पालटांचा मागोवा घेतला म्हणजे एक गोष्ट निश्चित होते, ती अशी की, गाडी बदलली म्हणून इंधन कधी बदललेले नाही. इंधनाचा पक्का बंदोबस्त करण्याची जबाबदारी जेव्हा कोणीतरी अंगावर घेतली, तेव्हाच गाडी बदलली.

९ मे १८७४ रोजी मुंबईच्या रस्त्यात रुळांवरून घोड्यांची ट्राम धावू लागली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा, असे तिचे आरंभीचे दोन मार्ग होते, आणि भाडे तीन आणे होते. स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीच्या चालकांनी या कामासाठी ९०० घोडे बाळगले होते, असे सांगतात. आणि एवढ्या घोड्यांचे प्रयोजन काय, हे समजून घेतल्यावाचून त्या व्यवसायाचे अंतरंग कळत नाही. रुळांवरील जड डबा ओढणारा घोडा मुंबईच्या उन्हात दिवसाकाठी थोडेच तास काम करू शके, आणि म्हणून धावणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पागेत विसावा घेणाऱ्या कितीतरी जोड्या बाळगणे कंपनीला प्राप्त होते. या पागांचा खर्च पावसापाण्यातही थांबत नसे: चंदी आणि वैरण दररोज लागे, मोतद्दार खरारा करी, नालबंद नाल ठोकी, सलोत्री आजार पाही, आणि लीद उपसून शहराबाहेर नेण्याची तजवीज निराळीच करावी लागे. त्या काळी मुंबईला गवत पुरविणारा ठाणे जिल्हा हा एका अर्थी शहराच्या इंधनाचा मुलूख होता, आणि गवताच्या गंजी व वखारी ही त्याची कोठारे होती. ट्राम कंपनी ही बाह्यतः माणसे वाहणारी, पण अंतर्यामी पागा चालविणारी कंपनी होती. आणि तिचा नफा रुळांवर नव्हे, तर पागेच्या जमाखर्चात ठरत असे.

हा जमाखर्च पालटण्याचा काळ १९०५ साली आला. मुंबईची म्युनिसिपालिटी, जुनी ट्राम कंपनी आणि इंग्लंडातील ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी यांच्यात त्या वर्षीच्या ऑगस्टात करारनामा झाला, आणि त्यान्वये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला वीज पुरविण्याचा आणि ट्राम चालविण्याचा असा दुहेरी मक्ता मिळाला. या दुहेरीपणात त्या योजनेचे सारे शहाणपण सामावलेले होते. वीज त्या काळी साठवून ठेवण्याजोगी वस्तू नव्हती; ती निर्माण होताच खपली पाहिजे, आणि घरे व दुकाने तर ती प्रामुख्याने रात्री दिव्यांसाठी मागणार. मग दिवसभर यंत्रे रिकामी फिरवावयाची काय? ट्रामने या प्रश्नाचे उत्तर दिले, कारण ती सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड वीज घेणारे खात्रीचे गिऱ्हाईक होती. उलट दिव्यांच्या गिऱ्हाइकांनी विजेचा दर ट्रामला परवडेल इतका खाली आणला. वाडीबंदरच्या वीजघरात कोळशाच्या वाफेवर निर्माण झालेला प्रवाह तारांतून रस्त्यावर आला, आणि ७ मे १९०७ रोजी सायंकाळी विजेची पहिली ट्राम म्युनिसिपालिटीच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे धावली. रस्त्यावरची लीद गेली, धूर एका ठिकाणी एकवटला, आणि पागेची जागा वीजघराने घेतली. मात्र त्या वीजघरात मोतद्दाराला आणि नालबंदाला काम नव्हते, ही गोष्टही त्याच दिवसाच्या इतिहासाचा भाग समजली पाहिजे.

वाडीबंदरचा कोळसा दूर बंगाल्यातून येई आणि त्यामुळे महाग पडे. गिरण्यांनाही हाच जाच होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून तो कोकणच्या बाजूस खाली सोडावा आणि त्या पतनाच्या बळावर वीज काढावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या मनात घोळत होती. त्यांच्या निधनानंतर ती त्यांच्या मुलांनी सिद्धीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली, लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे जलाशय झाले, आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा येथेही अशीच वीजघरे झाली. धुरावाचून निर्माण होणारी, पावसावर चालणारी ही शक्ती मुंबईच्या उद्योगाला एका पिढीत लाभली, हे त्या काळच्या कर्तृत्वाचे मोठे यश होय, आणि ते यश मान्य करण्यात कोणी हात आखडता घेऊ नये.

परंतु भिऱ्याच्या विजेचे मोल कोणी दिले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे हा इतिहासाचा अपराध ठरेल. मुळशी पेट्यातील निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या भातशेती करणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी त्या वीजघरासाठीच्या धरणाखाली जाणार होत्या, आणि सरकारने सार्वजनिक कामाच्या नावाखाली भूसंपादनाचा कायदा एका खाजगी कंपनीच्या सेवेला लावला होता. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा झाली. धरण झाले, गावे बुडाली, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. धरणांनी विस्थापित झालेल्यांचा प्रश्न या देशात पुढे वारंवार उपस्थित झाला, आणि त्याचा पहिला हुंकार मुंबईला स्वच्छ वीज देणाऱ्या या खोऱ्यातून उठला. स्वच्छ इंधन हे वापरणाऱ्याच्या दारी स्वच्छ असते. ते जेथून येते तेथे त्याचा हिशेब निराळा असू शकतो, हे मुळशीने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

याच काळात आगगाडीनेही विजेची कास धरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत बंदरमार्गाने विजेची पहिली गाडी गेली, आणि १९२८ च्या जानेवारीत बी. बी. सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेखाली आणला. उपनगरांतून रोज सकाळी येणारी आणि सायंकाळी परत जाणारी चाकरमानी मंडळी वाफेच्या इंजिनांना आवरेनाशी झाली होती. विजेची गाडी चटकन वेग घेई, चटकन थांबे, आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवीत बसण्याची खोटी तिला नसे. घाटातील कारण याहून निकडीचे होते. बोरघाटाच्या ३७ फुटांस एक फूट अशा चढावर वाफेची इंजिने गाडी ढकलताना मेटाकुटीस येत, आणि बोगद्यांत धूर कोंडे. जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ आपले स्वतःचे वीजघर उभारले, १९२९ साली पुण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी इगतपुरीपर्यंत तारा नेल्या, आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी विजेच्या बळावर घाट ओलांडू लागली. घाटातील मालगाड्यांसाठी जी इंजिने आणली गेली, आणि ज्यांना कामगार ‘खेकडा’ म्हणत, त्यांच्यात उतारावरून येताना चाकांच्या फिरण्यातूनच वीज निर्माण करून ती तारेत परत घालण्याची योजना होती. उतरणाऱ्या गाडीची शक्ती अशा रीतीने चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. आजच्या विजेच्या बसगाडीत ब्रेक दाबताच बॅटरीत थोडी वीज परत जाते, ती याच तत्त्वाने. येथेही हेच ध्यानात ठेवावे की, घाटात तारा नेताना जी. आय. पी. रेल्वेने आपल्या इंधनाचा बंदोबस्त दुसऱ्याच्या भरवशावर सोडला नाही. गाडीबरोबर वीजघरही बांधले.

मग हे सारे मागे का पडले? याचे उत्तर तेलात आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली मोटारबस धावली. तिला रूळ नकोत, तार नको. रस्ता असेल तेथे ती जाई, आणि तेलाचा पुरवठा करणारे दुकानदार रस्तोरस्ती बसलेले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण झाले, तेव्हा गाडीच्या पाठीशी भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविण्याची पाळी आली. उंच चढावर उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलावी, असे ते दिवस होते. परक्या तेलावर विसंबण्याचा हा स्पष्ट इशारा होता. १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा होऊन उसाच्या मळीपासून काढलेले मद्यार्क पेट्रोलात मिसळण्याचा मार्ग खुला झाला, ही त्या इशाऱ्याची एक फलश्रुती. परंतु युद्धोत्तर काळात तेल स्वस्त झाले, १९५४ आणि १९५५ साली तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि इशारा विसरला गेला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेल्या स्टेट ट्रान्स्पोर्टच्या पहिल्या गाडीने तेलाचे हे युग महाराष्ट्राच्या खेडोपाडी नेले, आणि त्याने ग्रामीण जीवनाचे जे कल्याण केले ते निर्विवाद आहे.

मुंबईत मात्र ट्राम ही मोटारींच्या मार्गातील अडचण ठरू लागली. १९४७ च्या ऑगस्टात कंपनीचा सर्व कारभार म्युनिसिपालिटीने ताब्यात घेतला आणि ‘बेस्ट’ ही सार्वजनिक संस्था झाली. पण त्याच संस्थेच्या हातून ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. तारेवर चालणारी पण रुळांवाचून धावणारी ट्रॉलीबस १९६२ साली आणून पाहिली होती. तीही १९७१ साली बंद पडली. याला दोनच वर्षे लोटतात तो १९७३ चे तेलसंकट आले, आणि खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला. ज्या शहराने विजेची रस्तावाहतूक साठ वर्षांहून अधिक काळ चालवून दाखविली होती, त्याने तेलाच्या भाववाढीच्या उंबरठ्यावर तिचा शेवटचा धागा तोडला, ही घटना मनाला चुटपूट लावते. ट्रामचे रूळ खरोखर अरुंद रस्त्यांत अडचणीचे होते, हे खरे. पण रुळांबरोबर तारांचे ज्ञान, वीजघर आणि गाडी यांचा एकत्र विचार करणारी बुद्धी, आणि त्या कामात हयात घालविलेले कारागीर यांनाही निरोप दिला गेला, ही हानी रुळांच्या भंगाराच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

यानंतरचा पालट न्यायालयाच्या द्वारातून आला. शहराची हवा श्वासास असह्य झाली, तेव्हा नागरिकांनी १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आणि जुन्या टॅक्सींना नैसर्गिक वायूकडे वळण्याचा अथवा रस्ता सोडण्याचा हुकूम झाला. १९७४ साली बॉम्बे हाय येथे सापडलेल्या साठ्यामुळे वायू मुंबईच्या दाराशीच होता, आणि तो शहरात वाटण्यासाठी महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालापासून अस्तित्वात होती. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या मागील सामानाच्या जागेत सिलिंडर आले, धूर उणावला, इंधनाचा खर्चही उतरला. पण टॅक्सीवाल्याची कमाई वेळेवर असते, आणि आरंभीची कित्येक वर्षे त्याचे मोलाचे तास गॅसच्या पंपापुढील रांगेत गेले. येथे गाडी एकाची, इंधन दुसऱ्याचे आणि हुकूम तिसऱ्याचा होता. पालट घडला खरा, परंतु त्याच्या अडचणीचा वाटा बहुतांशी त्या गरीब चालकाच्याच पदरी पडला.

आता विजेचे दुसरे पर्व आले आहे. २०१७ च्या अखेरीस बेस्टच्या ताफ्यात विजेच्या पहिल्या सहा बसगाड्या दाखल झाल्या. २०१९ साली पुण्याच्या रस्त्यांवर त्या धावू लागल्या. १ जून २०२२ रोजी, ज्या मार्गावर ७४ वर्षांपूर्वी एस. टी. ची पहिली गाडी गेली होती त्याच पुणे-नगर मार्गावर, विजेची ‘शिवाई’ निघाली. आणि मुंबईची डिझेलवर चालणारी दुमजली बस २०२३ साली निवृत्त होऊन तिची जागा विजेच्या दुमजली गाडीने घेतली. राज्य सरकारने २०१८ आणि पुन्हा २०२१ साली या वाहनांसाठी धोरण जाहीर केले. खाजगी व्यवसायांतही हा ओघ स्पष्ट दिसतो, आणि त्याचा क्रम पाहिला तर जुन्या इतिहासाचाच नियम त्यात प्रत्ययास येतो. जी गाडी ठराविक वाटेने जाते, दिवसाकाठी ठराविक अंतर तोडते आणि रात्री एकाच आवारात मुक्कामास येते, ती प्रथम विजेवर जाते: शहरातील बस, कंपनीच्या नोकरांची ने-आण करणारी गाडी, घरोघर पार्सल पोहोचविणारा टेम्पो. घोड्याच्या ट्रामला पागा होती, विजेच्या ट्रामला आगार होते, आणि बॅटरीच्या गाडीलाही रात्रीचे ठाणे लागते. विकत घेताना ती महाग पडते, पण मैलामागे तिचा खर्च कमी असतो. म्हणून जितकी ती अधिक धावेल तितका तो व्यवहार परवडतो, आणि हा हिशेब मोठ्या कंपनीच्या कारकुनाला चटकन मांडता येतो. ज्याच्यापाशी एकच ट्रक आहे, ज्याचा मुक्काम आज नागपूरला तर उद्या कोचीनला, आणि ज्याला सावकाराच्या किंवा बँकेच्या हप्त्यापलीकडे पाहण्याची सवड नाही, त्या मालकाला मात्र कोणी आवारही दिलेले नाही आणि तारही. त्याला केवळ उपदेश करून हा पालट पुरा होणार नाही.

बेस्टच्या उदाहरणात आणखी एक बोध आहे. वीज आणि वाहतूक एका दप्तरात असल्यामुळे विजेच्या शिलकेतून वाहतुकीची तूट अनेक वर्षे भरून निघत असे, आणि गिरणीकामगार व कारकून स्वस्तात कामावर पोहोचत. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वहिवाट वादात सापडली, आणि दोन्ही खाती एकमेकांपासून दुरावली. आज विजेच्या बसगाड्यांपैकी अनेक ठेकेदाराच्या मालकीच्या असतात, चालकही त्याचाच असतो, आणि संस्था त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. भांडवल नसलेल्या संस्थेला ही तजवीज सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९०५ चा करारनामा ज्या एकत्र जबाबदारीवर उभा होता, तिच्या हे अगदी उलट आहे. ज्या शहराची वाहतूकसंस्था स्वतःच वीज पुरविते, अशा शहराने विजेच्या गाड्या आणताना हे दुर्मीळ सामर्थ्य वापरू नये, ही मोठी शोचनीय गोष्ट आहे.

आणि अखेरीस मुळशीचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप कोळशावर निर्माण होते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राची राख आणि धूर चंद्रपूरच्याच लोकांच्या वाट्याला येतात, आणि मुंबईपुण्याच्या रस्त्यावरची स्वच्छ हवा त्यांच्या हवेच्या मोबदल्यात मिळत असेल, तर तिला निखळ स्वच्छता म्हणता येणार नाही. इंजिन, गिअर आणि तेल यांच्या ज्ञानावर पोट भरणारे हजारो गॅरेजवाले आणि फिटर आज ज्या ठिकाणी उभे आहेत, तेथे १९०७ साली नालबंद उभा होता. त्याला नवी विद्या शिकविण्याचे कोणाचेच कर्तव्य त्या काळी ठरविलेले नव्हते, आणि ती चूक पुन्हा होऊ देण्यास आता कोणतेच कारण नाही. धूर कमी झालाच पाहिजे, आणि तो त्वरेने कमी झाला पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण तो कमी करण्याचा करारनामा लिहिताना त्यात तीन कलमे असावीत, असे हा दीडशे वर्षांचा इतिहास आग्रहाने सांगतो: इंधनाचा बंदोबस्त गाडीच्या आधी व्हावा, तो करणाऱ्याने लहान मालकासाठीही आवार आणि तार यांची सोय करावी, आणि जेथून वीज येते त्या मुलखातील माणसाचे, तसेच जुने कसब निरुपयोगी होणाऱ्या कामगाराचे, देणे नफ्याच्या रकान्याआधी मांडले जावे. पहिले कलम १९०५ च्या मुंबईने पाळले, म्हणून तिची ट्राम अर्धशतकाहून अधिक काळ चालली. उरलेली दोन कलमे लिहिण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.